मिशनच्या जहाजावरची दोन वर्षे: स्वयंसेवकाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रीरामपूर तालुक्यातील एका शिक्षिकेची बावीस वर्षांची मुलगी बी.कॉम. झाली असून मिशनच्या पुस्तक-जहाजावर दोन वर्षे स्वयंसेविका म्हणून जाण्यासाठी तिची निवड झाली आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आनंद आहे, पाळकांनी उपासनेत नाव घेऊन प्रार्थनाही केली. मुलगी तिथे सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत नेमके काय करणार, हे मात्र आईला कोणीच सांगितलेले नाही. ती सुरक्षित राहील का, पैशांचे काय, आणि परत आल्यावर तिचे पुढे काय, असे आईचे उपप्रश्न आहेत. लग्नाविषयीही तिने संकोचाने विचारले आहे.

ताई, सलाम. मी वयाच्या तेविसाव्या वर्षी अशाच एका जहाजावर गेले, तिथे दोन वर्षे राहिले, आणि परतल्यापासून अशा सेवेसाठी निघणाऱ्या मुलामुलींची पूर्वतयारी करून घेते आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर आपली मुलगी तिथे मुख्यतः अंगमेहनत करील. ती भांडी घासील, पुस्तकांचे खोके उचलील, जिने पुसून काढील, गल्ल्यावर उभी राहील. आठवड्याची साधारण घडी पाच दिवस काम, एक दिवस बंदरावर जाऊन सेवा आणि एक दिवस सुट्टी अशी असते. निरोपाच्या उपासनेत आपण त्या एका दिवसाविषयी गातो आणि बोलतो, पाच दिवसांविषयी कोणी बोलत नाही. ज्या मुलांची दोन वर्षे कडू गेलेली मी पाहिली, त्यांपैकी बहुतेकांचे बिनसले ते या पाच दिवसांत.

जहाजांविषयी थोडी माहिती आवश्यक आहे. ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती संस्थेने १९७० साली ‘लोगॉस’ हे पहिले जहाज घेतले आणि १९७१ मध्ये ते आपल्या पहिल्या मोठ्या सफरीवर निघाले ते भारताकडेच. दुसरे जहाज ‘डुलोस’ हे १९१४ साली बांधलेले होते. ते संस्थेकडे १९७७ मध्ये आले आणि २००९ च्या अखेरीपर्यंत चालले, म्हणजे निवृत्त होताना त्याचे वय पंचाण्णव होते. सध्याचे ‘लोगॉस होप’ १९७३ साली जर्मनीत प्रवासी व मोटारवाहू फेरीबोट म्हणून बांधले गेले, संस्थेने ते २००४ मध्ये विकत घेतले, आणि बरीच वर्षे दुरुस्ती व फेरबांधणी झाल्यावर २००९ मध्ये ते सेवेत आले. लांबी सुमारे १३२ मीटर, आणि त्यावर साठ-एक देशांतील साडेतीनशे ते चारशे माणसे राहतात. मधल्या मजल्यावर पुस्तकांचे मोठे दुकान आहे, जिथे सुमारे पाच हजार वेगवेगळी पुस्तके असतात. जहाज एका बंदरात दोन-तीन आठवडे थांबते, गावातील लोक पुस्तके घ्यायला वर येतात, आणि मग ते पुढच्या बंदराकडे निघते. कप्तानापासून संडास स्वच्छ करणाऱ्या मुलापर्यंत कोणालाही पगार नसतो. ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला दोनदा सांगते, कारण ‘परदेशी जहाजावर लागली’ हे शब्द गावात फिरू लागले की नातेवाइकांचे हिशेब वेगळेच सुरू होतात.

पहिले काही आठवडे प्रशिक्षणात जातात. समुद्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते, मग ती व्यक्ती पुस्तके विकणारी असो वा मुलांच्या शाळेत शिकवणारी असो. आग विझवणे, पाण्यात जीव वाचवणे, प्रथमोपचार आणि जहाजावरील शिस्त असे त्याचे चार भाग आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील मुलीने विहिरीत पोहणे शिकलेले असले तर उत्तमच, परंतु लाईफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणे आणि उलटी झालेली रबरी तराफा-होडी सुलटी करणे हे प्रकार सर्वस्वी नवे असतात. माझ्या तुकडीत सर्वांत शेवटी उडी मारणारी मीच होते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की जिथे असाल तिथून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहायचे, ही सवय इतकी खोल जाते की घरी परतल्यावरही कारखान्याचा भोंगा ऐकून माझा हात नकळत जॅकेटकडे जात असे.

काम आपल्या आवडीप्रमाणे मिळत नाही, जिथे माणसांची गरज असेल तिथे मिळते. आपली मुलगी बी.कॉम. आहे म्हणून तिला हिशेबाच्या खोलीत बसवतील असे धरून चालू नये. कदाचित वर्षभराने तसे होईल, परंतु सुरुवातीला बहुतेक मुली भोजनगृह, स्वच्छता किंवा पुस्तक-दुकान या विभागांत जातात आणि मुलगे डेकवर, इंजिनात किंवा स्वयंपाकघरात, ज्याला तिथे गॅली म्हणतात. अर्थात याचे उलटही पुष्कळ असते, आणि इंजिनात हात काळे करणाऱ्या मुली मी स्वतः पाहिल्या आहेत.

मी पहिले आठ महिने भोजनगृहात होते. सकाळच्या पाळीला साडेपाचला उभे राहावे लागे. पाव, लोणी, उकडलेली अंडी, दूध आणि चहा-कॉफीची मोठी भांडी मांडायची, आणि साडेसहापासून माणसांची रांग सुरू. नाश्ता संपला की खरे काम सुरू होई. चारशे माणसांची ताटे, पेले आणि चमचे धुण्याच्या यंत्रात रचून घालायचे. यंत्राच्या पलीकडे गरम वाफेत उभे राहून दुसऱ्याने ती काढायची आणि पुसून रचायची. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर आचाऱ्याची माणसे जी भांडी घासतात, त्याच्या चौपट समजा, आणि ते दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात माझ्या मनात सतत एकच वाक्य फिरत असे: ‘मी याकरिता आले आहे का?’ प्रामाणिकपणे सांगायचे तर ते वाक्य पूर्णपणे थांबायला चार महिने लागले. ते थांबले ते कोणत्याही प्रवचनाने नव्हे. जहाजाचा वरिष्ठ अभियंता सुट्टीच्या दिवशी हाताशी कोणी नाही असे पाहून गुपचूप बाह्या सरसावून यंत्राच्या पलीकडे उभा राहिला आणि दीड तास ताटे पुसत राहिला. त्याने त्याविषयी एक शब्दही काढला नाही.

त्यानंतर मला पुस्तक-दुकानात पाठवले. तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जहाज दर काही आठवड्यांनी देश बदलते, म्हणजे चलनही बदलते. म्हणून पुस्तकांवर रुपये किंवा डॉलर न लिहिता ‘युनिट’ लिहिलेले असतात, आणि भिंतीवरच्या फलकावर त्या देशाच्या चलनात किती युनिटचे किती पैसे ते दिलेले असते. आफ्रिकेतील एका बंदरात पहिल्याच दिवशी एका बाईने मुलांची तीन पुस्तके दाखवून मला किंमत विचारली. पैसे तिने रुमालाच्या गाठीत आणले होते. माझ्या डोक्यात अजून मागच्या बंदराचा दर होता, मी फलकाकडे न पाहता आकडा सांगितला, आणि तो खऱ्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होता. तिने दोन पुस्तके परत फळीवर ठेवली, एकच घेतले आणि गेली. चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा ती गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरण्याचा जिना, उतरून गेली होती. मी ती दोन पुस्तके हातात घेऊन धक्क्यावर फाटकापर्यंत धावले, पण ती मला सापडली नाही. आपल्या मुलीला हिशेबाचे शिक्षण आहे, तिच्याकडून असे होणार नाही, तरीही तिला सांगा की दर नेहमी फलकावर पाहूनच सांगावा.

या पुस्तकांच्या मागे फार मोठे ओझे असते. पुस्तके कंटेनरमधून आधीच एखाद्या बंदरात पाठवलेली असतात. कंटेनर उघडला की जहाजावरील सगळे, म्हणजे डॉक्टर, आचारी, शिक्षक, कप्तानाची पत्नीसुद्धा, एका रांगेत उभे राहतात आणि खोका हातोहात पुढे सरकत जातो. उसाच्या मोळ्या ट्रकवर चढवताना जशी साखळी करतात अगदी तशीच. पाठ कशी सांभाळायची ते पहिल्याच वेळी शिकून घ्यावे. गुडघे वाकवून उचलायचे, कंबर वळवायची नाही. मी हे दुखऱ्या पाठीने शिकले आणि ते दुखणे आजही थंडीत वर येते.

राहण्याची जागा हा दुसरा मोठा विषय, आणि माझ्या मते कामापेक्षाही अवघड. अविवाहित मुली दोन ते चार जणी मिळून एका केबिनमध्ये राहतात. केबिन आतल्या बाजूची असली तर खिडकी नसते आणि दिवस आहे की रात्र ते घड्याळच सांगते. झोपायचे बंक एकावर एक असतात. कपाट म्हणजे आपल्याकडच्या एस.टी. वाहकाच्या पेटीहून फार मोठे नव्हे. कपडे धुण्याच्या यंत्राची वेळ ठरलेली असते, आणि गोडे पाणी जपून वापरायचे असल्याने अंघोळ काही मिनिटांत उरकावी लागते. माझ्या खालच्या बंकवरची ब्राझीलची मुलगी डेकवर चार ते आठच्या पहाऱ्यात होती, म्हणजे तिचा गजर पहाटे साडेतीनला वाजे. मी डोक्याला खोबरेल तेल लावत असे आणि बंद खोलीत तो वास तिला असह्य होत असे. तिच्या ओल्या मोज्यांचा वास मला असह्य होत असे. दोघीही बायबल वाचणाऱ्या, दोघीही प्रार्थना करणाऱ्या, आणि तीन महिने एकमेकींशी कामापुरतेच बोललो.

इथे मला आपल्या वळणाविषयी थोडे बोलायचे आहे. राग आला की आपण अबोला धरतो. घरात त्याचा उपयोग होतो, कारण आई, आजी, मावशी सगळ्यांना तो लगेच कळतो आणि कोणी तरी मध्यस्थी करते. जहाजावर हे हत्यार निकामी ठरते. ब्राझीलच्या मुलीला मी रागावले आहे हेच तीन महिने कळले नव्हते, तिला वाटले की मी स्वभावाने शांत आहे. दुसरी गोष्ट ‘बघते’ या शब्दाची. काम नको असले की आपण ‘बघते, जमल्यास करते’ असे म्हणतो आणि समोरच्याने त्यातला नकार ओळखावा अशी अपेक्षा धरतो. तिथे त्याचा अर्थ होकार असा घेतला जातो आणि मग ‘तू येते म्हणाली होतीस’ अशी तक्रार येते. आपल्या मुलीला स्पष्ट ‘नाही’ म्हणण्याचा सराव आधीच, घरच्या घरी, करायला लावा. पूर्वतयारीच्या वर्गात मी या एका गोष्टीवर पूर्ण सकाळ घालवते, बायबलमधील कोणत्याही विषयापेक्षा जास्त.

एकटेपणावर उपाय म्हणून नव्या माणसाला जहाजावरील एखाद्या ‘कुटुंबात’ घालतात. एक विवाहित जोडपे आई-वडिलांच्या जागी आणि पाच-सात तरुण मुले, असे ते कुटुंब असते. वाढदिवस, नाताळ, आजारपण त्यांच्यात पार पडते. ही योजना मला कृत्रिम वाटली होती, पण मलेरियाच्या तापात तीन दिवस पडून असताना माझ्या उशाशी बसली होती ती त्या कुटुंबातली ‘आई’, जी माझ्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठी होती. दररोज सकाळी सामूहिक वचनवाचन असते, आठवड्यातून एक रात्र प्रार्थनेची असते, आणि कामाची भाषा इंग्रजी असली तरी तिथे प्रत्येकाने आपल्या भाषेत मोठ्याने प्रार्थना करायला कोणाची हरकत नसते. मी एकदा नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले तेव्हा कोरियाच्या एका मुलाने त्याची चाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतली. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आमच्या उपासनेत टाळ-मृदंगाची चाल आणली, हे त्याला सांगताना मला आपल्या मंडळीचा जरा अभिमान वाटला हे कबूल करते.

आता त्या सेवेच्या दिवसाविषयी. पाच-सहा जणांचा गट बंदरातील शाळेत, वृद्धाश्रमात, तुरुंगात किंवा स्थानिक मंडळीत जातो. कधी साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव, सांगायची असते, कधी भिंत रंगवायची असते, कधी नुसतेच मुलांशी खेळायचे असते. काय करायचे ते तिथली स्थानिक मंडळी ठरवते, आणि ते तसेच असायला हवे, कारण जहाज तीन आठवड्यांत निघून जाते आणि मागे राहतात ते तेच लोक. कायद्याचे भान काटेकोरपणे ठेवावे लागते. उदाहरणार्थ मलेशियातील बहुतेक राज्यांत मुस्लिम समाजात अन्य धर्माचा प्रसार करण्यास कायद्याने बंदी आहे, आणि तिथे उत्साहाच्या भरात एका मुलाने वाटलेले एक पत्रक जहाजाच्या परवान्यावर आणि त्याहून अधिक म्हणजे स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या अंगावर येऊ शकते. कुठे काय बोलायचे नाही हे प्रत्येक बंदराआधी सांगितले जाते. ज्यांना हे बंधन म्हणजे भित्रेपणा वाटतो त्यांना मी जाण्यापूर्वीच परावृत्त करते.

याच संदर्भात पत्रांचा विषय येतो. स्वयंसेवकाला दर महिन्याला घरच्या मंडळीला व पाठबळ देणाऱ्यांना पत्र लिहावे लागते. त्यात एक मोह असतो. अनाथाश्रमातील मुलांचे फोटो टाकायचे, त्यांच्या दारिद्र्याचे वर्णन करायचे, आणि आपण गेल्याने त्यांचे किती भले झाले ते सुचवायचे. मी मुलींना सांगते की असे पत्र लिहिताना आपले गाव आठवा. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसे १८१३ साली मुंबईत उतरली. त्यांतला गॉर्डन हॉल तेव्हा तिशीच्याही आत होता. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या उपकाराविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु त्या काळात इथून बॉस्टनला, मिशनच्या मुख्य कचेरीकडे, अहवाल जात आणि छापले जात, आणि त्यांतून आपल्याच वाडवडिलांचे वर्णन ‘अंधारातील लोक’ अशा शब्दांत वाचायला मिळते. आपल्या पणजीविषयी कोणी तसे लिहिलेले आपल्याला वाचवत नाही. मग आपण दुसऱ्याच्या पणजीविषयी, आणि तेही मोबाइलवर फोटोसह, तसे का लिहावे? माझा नियम साधा आहे: ज्या मुलाच्या आईची परवानगी विचारता आली नाही त्याचा चेहरा पत्रात येणार नाही.

सुरक्षिततेविषयी मी आपल्याला गोड उत्तर देणार नाही. ‘लोगॉस’ हे पहिले जहाज जानेवारी १९८८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, बीगल खाडीत, खडकावर चढून कायमचे निकामी झाले. त्यावरील सर्व माणसे, लहान मुलांसकट, सुखरूप उतरली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्समधील झाम्बोआंगा येथे ‘डुलोस’च्या कार्यक्रमावर हातबॉम्ब फेकण्यात आला आणि दोन तरुण स्वयंसेविका मरण पावल्या. पन्नासहून अधिक वर्षांच्या आणि दीडशेहून अधिक देशांच्या प्रवासात असे प्रसंग थोडे आहेत, परंतु ते आहेत आणि पाठवणाऱ्या आईला ते माहीत असले पाहिजेत. रोजच्या जीवनात मुलीला खरा धोका संभवतो तो साध्या गोष्टींचा: ओला जिना, गरम तेल, भरधाव शहरातील रस्ता ओलांडणे, डास. बंदरावर एकटीने जाऊ नये आणि ठरलेल्या वेळेआधी परत यावे हे नियम कडक असतात, आणि गँगवेवर प्रत्येकाची येण्याजाण्याची नोंद होते. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेत जायचे असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मुंबईतील अधिकृत केंद्रात घेऊन ठेवावी. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, आणि ते नसेल तर त्या देशांतून भारतात परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते.

पैशांचे गणित असे की मुलीचा मासिक खर्च, विमा आणि विमानभाडे तिच्या पाठीराख्यांकडून यायचे असते. माझा आग्रह असतो की ही रक्कम पुष्कळ लहान वाट्यांत विभागावी. एका श्रीमंत काकांनी सगळा भार उचलण्यापेक्षा वीस कुटुंबांनी दरमहा थोडे थोडे द्यावे, म्हणजे एखाद्याचे थांबले तरी मुलगी अधांतरी राहत नाही, आणि कोणा एकाच्या उपकाराचे दडपणही तिच्यावर येत नाही. दागिने मोडू नका आणि कर्ज काढू नका. पाठबळ पूर्ण होत नसेल तर सहा महिने थांबणे हे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही, मंडळीतील उत्साही मंडळी काहीही म्हणोत.

घरातील प्रसंगांविषयी आधीच बोलून ठेवा. जहाज दोन बंदरांच्या मध्ये असले की चार-सहा दिवस, कधी त्याहून अधिक, कोणीही उतरू शकत नाही. माझ्या वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया अचानक ठरली तेव्हा आम्ही समुद्रात होतो. आईने मला कळवायचे की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला आणि अखेर शस्त्रक्रिया झाल्यावर कळवले. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु पुढचे वर्षभर प्रत्येक फोनवर मला वाटे की हे माझ्यापासून आणखी काही लपवत आहेत. म्हणून कोणत्या प्रसंगी लगेच कळवायचे, कोणत्या प्रसंगी परत बोलवायचे, आणि त्या विमानप्रवासाचे पैसे कुठे ठेवलेले असतील, हे घरच्या सगळ्यांनी मुलीसह बसून कागदावर लिहा. तिसरा-चौथा महिना बहुधा सर्वांत जड जातो. नवेपणा ओसरलेला असतो आणि मैत्री अजून जमलेली नसते. त्या काळात ती फोनवर रडली तर ‘परत ये’ असेही म्हणू नका आणि ‘प्रार्थना कर’ म्हणून विषयही संपवू नका. आज जेवायला काय होते ते विचारा.

आपण संकोचाने विचारले आहे, तरी उत्तर देते: लग्नाचे. पहिल्या वर्षी कोणाशी प्रेमसंबंध जुळवू नयेत आणि त्यानंतरही वरिष्ठांना सांगून, उघडपणे पुढे जावे असा दंडक माझ्या वेळी होता. तो बऱ्यापैकी पाळला जाई. तरीही साठ देशांची अविवाहित मुले-मुली दोन वर्षे एकत्र राबतात, तेव्हा लग्ने जुळतातच. आपल्याला ते मुळीच चालणार नसेल तर ते आज सांगा, मुलगी तिकडे असताना फोनवरून नको.

परत आल्यावरचा काळ बहुतेक घरांना अनपेक्षित असतो. मंडळी एका रविवारी साक्ष सांगायला उभी करते, टाळ्या होतात, आणि पुढच्या रविवारी सगळे पूर्ववत होते. मुलीला मात्र रिक्षावाल्याशी भाव करताना, स्वयंपाकघरात वाया जाणारे पाणी पाहताना, रात्री स्थिर पलंगावर झोपताना सारखे काही तरी खुपत राहते. ती चिडचिड करील, ‘तिथे असे नव्हते’ असे दिवसातून दहा वेळा म्हणेल. निदान तीन महिने स्थळे आणू नका आणि नोकरीची घाईही करू नका. नोकरीसाठी मात्र जाण्यापूर्वीच एक काळजी घ्या. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, कोणत्या विभागात किती महिने काम केले आणि किती माणसांची जबाबदारी सांभाळली याचा दाखला जहाज सोडण्याआधीच लेखी मागून घ्यायला सांगा. मुलाखतीत ‘दोन वर्षे मिशनवर होते’ हे ऐकून समोरचा गोंधळतो, पण ‘दिवसाला हजारो ग्राहक येणाऱ्या दुकानाचा रोखीचा हिशेब सांभाळला’ हे त्याला लगेच समजते, आणि ते तितकेच खरे असते.

राहता राहिले सामान. न घसरणाऱ्या तळव्याचे बंद बूट इथेच घ्या आणि महिनाभर वापरून पायाला बसवा. एक साडी किंवा नऊवारी अवश्य द्या, कारण देशोदेशींच्या पोशाखांचे कार्यक्रम वारंवार होतात आणि साडी नेसवून द्यायला तिथे आत्या-मामी नसतात, तेव्हा ती स्वतःची स्वतः नेसता येईल एवढा सराव हवा. उलटी न होण्याची औषधे डॉक्टरांना विचारून घ्या आणि सोबत आल्याच्या वड्या द्या, भर समुद्रात मला गोळ्यांपेक्षा त्यांचाच आधार झाला. जेवणात भात रोज असतो, परंतु बाकीचे बहुधा उकडलेले आणि अळणी, त्यामुळे उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरायला लसणाची कोरडी चटणी लागतेच. ती काचेच्या बरणीत देऊ नका. माझी बरणी पहिल्याच वादळात कपाटात फुटली आणि तिघींचे कपडे आठवडाभर चटणीच्या वासाचे झाले. खोबरेलानंतर माझ्या खात्यावर जमा झालेला तो दुसरा वास होता. दोन जाड पिशव्यांत भरून, तोंड शिवून द्या.